खट्ट आवाज कुठून येतो?



मी लिहायला बसले म्हणजे साखर, रक्तदाब नाहीतर सांधेदुखी यांवरच काहीतरी येणार, असं तुम्हांला वाटत असेल. या खेपेलाही सांधेदुखीच आहे, पण माणसाची नव्हे, जीपची. पुष्कळांच्या घरी जुनी गाडी असते. ती आवाज करायला लागली की मुसाखवाला सांगेल तो आकडा ऐकून आपण गप्प बसतो. म्हणून म्हटलं, आमच्याकडे जे झालं ते नीट लिहून काढावं. आजोबा-आजींना उपयोग होईल आणि मुलांना गाडी आतून कशी चालते तेही कळेल.

आमची जीप म्हणजे सुझुकीची छोटी जिम्नी. आमच्या ह्यांनी ती १९९९ साली घेतली. हे मुंबईत परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे गाडीचं लहानसहान काम स्वतःच करायचे. त्यांचा एक नेम होता, आधी हात लावून बघायचं, मंग पाना उचलायचा. २०१९ साली हे गेले आणि जीप घराखाली उभी राहिली. मी बाजारापुरती फिरवत होते, बाकी धूळ.

गेल्या वर्षी धाकट्या लेकीचा मुलगा सैन्यातून सुटून आला. त्याला अरावात खजुराच्या बागांवर काम मिळालं. तो म्हणाला, "सावता, जीप मला दे." थोरल्या मुलाचं म्हणणं उलट. "आई, सव्वीस वर्षांची गाडी आहे. भंगारात दे आणि मोकळी हो. उद्या रस्त्यात काही झालं तर?" दोघांचंही खरं होतं. बाग मोठ्या रस्त्यापासून आत, वाट वाळूची आणि दगडांची, उन्हाळ्यात चाळीसच्या वर ऊन, आणि फोन सगळीकडे लागत नाही. तिथे गाडी बंद पडली तर ते नुसतं गाडीचं दुखणं राहत नाही.

जीपची तक्रार तीन प्रकारची होती. एक, पुढच्या गिअरमधून मागच्यात टाकताना, किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढून परत दाबला की खालून 'खट्ट' असा आवाज. दोन, सत्तर-ऐंशीच्या वेगाला अंगाखाली थरथर. तीन, वाळूत फोर-व्हील लावली की घुरघुर, जशी दम्याच्या माणसाची छाती वाजते तशी. नातवाने गाडी एका मुसाखमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि सांगितलं, मागचा बेकॅक्स गेला, सगळाच बदलावा लागेल. आकडा ऐकून थोरला म्हणाला, "बघ, मी सांगत होतो."

(बेकॅक्स म्हणजे इंग्रजांच्या 'बॅक ॲक्सल'चं इथल्या तोंडात बसलेलं रूप. गंमत म्हणजे पुढच्या ॲक्सललाही इथे 'पुढचा बेकॅक्स' म्हणतात!)

मी जवळजवळ चाळीस वर्षं नर्सचं काम केलं. पेशंट 'पोटात दुखतंय' म्हणाला म्हणून कोणी त्याला सरळ टेबलावर घेत नाही. कुठे, कधी, कशाने वाढतं, कशाने कमी होतं हे विचारतात, बघतात, हाताने चाचपतात, लॅबचा रिपोर्ट मागवतात. मी नातवाला म्हटलं, जीपलाही तसंच तपासू. मंग ठरवू, औषध, ऑपरेशन की निरोप.

आता मुलांनो, तपासणीच्या आधी जीपचं शरीर समजून घ्या. इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. तिथून एका आखूड दांड्याने ती ट्रान्स्फर केसमध्ये जाते. ही पेटी जीपच्या पोटाखाली मधोमध रबरांवर टांगलेली असते आणि ताकदीची वाटणी करते. तिच्यातून एक लांब दांडा मागे जातो, एक पुढे. यांना प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. चाकं खड्ड्यांत वरखाली होतात, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकणारे सांधे असतात. त्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा एक लोखंडी क्रॉस असतो आणि त्याच्या चार टोकांवर सुईसारख्या बारीक रोलरांच्या चार टोप्या. आपला खांदा-कोपर समजा.

शाफ्टच्या टोकाला ॲक्सलमध्ये डिफरेन्शियल. तिथे पिनियन नावाचा लहान दातेरी गिअर क्राऊन नावाच्या मोठ्या दातेरी चक्राला फिरवतो. आमच्या जीपमध्ये शाफ्टच्या साधारण चार फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. क्राऊनच्या पोटात आणखी छोटे गिअर असतात. ते कशाला? मी माझगावच्या सर एली कदुरी शाळेत होते तेव्हा कवायतीत तिघी-तिघींची रांग वळायची. आतली मुलगी जागच्या जागी पाय आपटायची आणि बाहेरची लांब ढांगा टाकत धावायची. गाडी वळतानाही तेच. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं. ते छोटे गिअर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात.

पण आमच्यासारख्या जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये अशी सोय नसते. फोर-व्हील लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेच जातात. वाळूत चाकं थोडी घसरतात आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, वळताना सगळा ताण सांध्यांवर आणि दात्यांवर पडतो. म्हणून डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून फिरू नये. जुन्या जीपची झीज अशी पुष्कळदा वापरण्याच्या रीतीने झालेली असते.

आणखी एक गोष्ट. दात्यांत थोडी मोकळी जागा असावीच लागते, नाहीतर तेल शिरणार नाही आणि गरम झाल्यावर दाते अडकतील. याला मुसाखमध्ये 'प्ले' म्हणतात. प्ले आहे म्हणजे रोग आहे असं नाही. किती आहे, आणि कोणत्या सांध्यात आहे, हा प्रश्न.

आता तपासणी. पहिल्यांदा कान. सपाट रस्त्यावर मी चालवत होते आणि नातू मागे बसून ऐकत होता. क्राऊन-पिनियन झिजले असतील तर वेगाबरोबर चढणारा हुंकार येतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की त्याचा सूर बदलतो. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर गाडी एका बाजूला वळवताना आवाज वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो. फक्त वळतानाच घरघर होत असेल तर डिफरेन्शियलच्या पोटातले छोटे गिअर बघावे. अगदी हळू जाताना पक्ष्यासारखी चिक-चिक आली तर क्रॉस कोरडा पडला. वेगाबरोबर वाढणारी थरथर बहुधा शाफ्टची किंवा त्याच्या सांध्यांची असते. टायरचीही असू शकते, म्हणून आधी टायर बघून घ्यावेत.

आमच्या जीपला हुंकार नव्हता. खट्ट आणि थरथर होती. आणि घुरघुर फक्त फोर-व्हीलमध्ये. इथेच मी नातवाला थांबवलं. आमच्या जीपमध्ये टू-व्हीलवर असताना पुढची चाकं हबपाशी सुटतात, त्यामुळे पुढचा शाफ्ट आणि पुढचं डिफरेन्शियल गप्प उभं असतं. मंग जो आवाज फक्त फोर-व्हीलमध्ये येतो, तो मागच्या बेकॅक्सचा कसा असेल? (सगळ्या जीपमध्ये असं नसतं हं. काहींत पुढचा शाफ्ट कायम फिरतो.)

दुसऱ्यांदा डोळे. गाडी सपाट सिमेंटवर, इंजिन बंद आणि थंड, चावी माझ्या खिशात, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. हे मी पुन्हा सांगते, कारण काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, शाफ्टवर असतो. अशा गाडीचं एक मागचं चाक जॅकने उचललं की हँडब्रेक लावलेला असूनही गाडी सरकू शकते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरायचं नाही. खाली लोखंडी स्टँड पाहिजेतच. मुलांनी तर मोठ्यांशिवाय हात लावायचा नाही.

टॉर्च घेऊन नातू खाली गेला. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसच्या टोप्यांभोवती विटकरी भुकटी दिसली. ग्रीस संपलं की सुया गंजतात, दळल्या जातात आणि ही भुकटी बाहेर पडते. ट्रान्स्फर केस ज्या तीन रबरांवर टांगलेली असते त्यांतली दोन फाटली होती. पुढच्या पिनियनच्या सीलपाशी ओल. मागचं डिफरेन्शियल मात्र कोरडं ठणठणीत.

तिसऱ्यांदा हात. क्रॉसच्या अलीकडे एक हात, पलीकडे दुसरा, आणि ओला कपडा पिळतो तसं उलटसुलट वळवायचं. दोन्ही बाजू एकदमच हलल्या पाहिजेत. आमच्या क्रॉसमध्ये एक बाजू आधी हलत होती, मंग दुसरी. डोळ्यांना दिसेल एवढा फरक. असा सांधा बदलायचाच, कारण तो तुटला तर फिरता शाफ्ट जमिनीवर आपटतो.

मंग गिअर न्यूट्रल ठेवून मागचा शाफ्ट हाताने पुढे-मागे फिरवला. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सकडून अडवणूक नसते, त्यामुळे शाफ्ट जेवढा हलतो तेवढा प्ले मागच्या ॲक्सलचाच. फ्लँजवर आणि पेटीवर खडूने रेघा मारल्या. फ्लँजच्या कडेला सहा मिलिमीटर हालचाल भरली, म्हणजे साधारण आठ-नऊ अंश. नातवाचा चेहरा पडला. "सावता, गेलाच की हा!"

इथे तो चारचा आकडा कामाला येतो. क्राऊन आणि पिनियन यांच्यात बहुतेक छोट्या गाड्यांत ०.१ ते ०.२ मिलिमीटर जागा ठेवतात. क्राऊनचा व्यास सतरा सेंटीमीटर धरला आणि जागा ०.१५ मिलिमीटर, तर क्राऊनवर ती एक दशांश अंश होते. शाफ्टवर चौपट दिसली तरी अर्ध्या अंशाच्या आत. मंग बाकीचे आठ अंश कुठले? ते पोटातल्या छोट्या गिअरांचे, त्यांच्या वॉशरांचे आणि ॲक्सलच्या दांड्यांच्या खाचांचे. या सगळ्यांची मिळून दोन अंशांची ढील, आणि शाफ्टवर दिसताना तिची चौपट. सव्वीस वर्षांत एवढं चालायचंच. मी नातवाला म्हटलं, माझे गुडघे वाजतात म्हणून कोणी माझे पाय बदलत नाही.

धोक्याची खूण वेगळी असते. डिफरेन्शियलपाशी शाफ्ट धरून वर-खाली ढकलायचा. फिरण्याची ढील वेगळी आणि वर-खाली हलणं वेगळं. पिनियन वर-खाली हलला तर त्याचं बेअरिंग गेलं. मंग दाते एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि क्राऊन-पिनियन लवकरच खराब होतात. मागचा पिनियन जराही हलला नाही. पुढचा हलला, केसभर, पण हाताला कळला.

चौथ्यांदा लॅब, म्हणजे तेल. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत, शनवार तेली म्हणूनच ओळखले जात. तेल हातावर घेऊन पारखणं आपल्याला परकं नाही. गाडी थोडी फिरवून तेल कोमट झालं की दोन्ही डिफरेन्शियलचं तेल वेगवेगळ्या पांढऱ्या तसराळ्यांत काढलं. आधी तेल भरायचा बोल्ट उघडतो का ते बघावं आणि मंगच खालचा उघडावा, नाहीतर तेल निघून जातं आणि नवीन भरता येत नाही. खालच्या बोल्टला लोहचुंबक होता. त्यावर काजळासारखा राखी लेप असला तर ती साधी झीज. टोचणारे कण, चकत्या किंवा दात्याचा तुकडा असला तर आत काहीतरी मोडतंय.

मागचं तेल काळपट, पण बोटांत चोळलं तर मऊ, आणि चुंबकावर राखी लेप. पुढचं तेल बघून मी गप्पच झाले. दूध घातलेल्या कॉफीसारखं. म्हणजे आत पाणी शिरलं होतं. चुंबकावर लेपासोबत चमकणारे कणही होते.

पाणी कसं शिरतं तेही सांगते. ॲक्सलला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. ती धुळीने बुजली की आत कोंडतं. चालून तापलेला ॲक्सल पावसाळ्यात वाडीच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि नळी बंद असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. पाणी आणि तेल एकत्र झालं की बेअरिंग गंजतं. नातवाने नळी काढून फुंकली. बंद! त्या चिमूटभर धुळीने पुढचं बेअरिंग खाल्लं.

आता निदान मांडा. खट्ट आवाज आणि थरथर ही मागच्या शाफ्टच्या क्रॉसची आणि ट्रान्स्फर केसच्या फाटक्या रबरांची. घुरघुर पुढच्या डिफरेन्शियलची. आणि ज्या मागच्या बेकॅक्सला फाशीची शिक्षा झाली होती तो सगळ्यांत निरोगी. तो बदलला असता तर पैसे गेले असते, खट्ट तसंच राहिलं असतं, आणि खरा आजारी भाग पोरासोबत वाळवंटात गेला असता. त्या मुसाखवाल्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. गाडीखाली न जाता एका चकरेत निदान केलं, एवढंच.

यानंतर घरात खरा प्रश्न उभा राहिला. क्रॉस आणि रबरं नातू स्वतः बदलू शकत होता, आणि बदललीही. शाफ्ट काढताना दोन्ही तुकड्यांवर खुणा करून ठेवल्या, कारण तो होता तसाच परत बसला नाही तर थरथर वाढते. पण पुढचं डिफरेन्शियल उघडणं घरचं काम नाही. पिनियनच्या बेअरिंगला ठराविक दाब द्यावा लागतो, दात्यांमधली जागा डायल गेजने मोजावी लागते, आणि दात्यांना रंग लावून ठसा दात्याच्या मधोमध उमटतो का ते बघावं लागतं. त्याला सवयीचा हात पाहिजे. नातू म्हणाला, "टू-व्हीलवरच चालवतो ना, मंग पुढचं फिरणारच नाही. पैसे साठले की करीन."

त्याचं गणित बरोबर होतं, पण मी हो म्हटलं नाही. वाळूत रुतल्यावर तो फोर-व्हील लावणार नाही असं कोण सांगेल? ज्या वेळी ती खरी लागते त्याच वेळी ती दगा देणार. थोरला म्हणाला, "आई, पप्पांची आठवण म्हणून तू गाडी सोडत नाहीस." मी त्याला सांगितलं, आठवणीला चार चाकं लागत नाहीत, ह्यांचा फोटो घरात आहे. पुढचं काम झाल्याशिवाय किल्ली कोणाला मिळणार नाही. आणि ते काम करणारा म्हणाला असता की दाते गेलेत, तर मी जीप भंगारात दिली असती.

तसं झालं नाही. नेगेवमध्ये डिफरेन्शियलचंच काम करणारा एक वयस्कर माणूस मिळाला. त्याने आमच्यासमोर उघडून दाखवलं, पिनियनचं बेअरिंग गंजलेलं, दाते शाबूत. बेअरिंग, सील, नवीन तेल आणि नवीन श्वासनळी. निम्मे पैसे मी दिले, निम्मे नातवाने सैन्यातून सुटताना मिळालेल्यांतून. सगळं मिळून मुसाखच्या पहिल्या आकड्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. जीप आता अरावात आहे. थोडंसं 'टक्' अजून होतं, ते मागच्या ॲक्सलच्या म्हातारपणाचं. दर सहा महिन्यांनी खडूच्या त्याच रेघांवर मोजून बघ, असं नातवाला सांगितलंय. सहाचे सात-आठ झाले तर डॉक्टरकडे.

माझ्या वयाच्या मंडळींना एवढंच सांगते. कोणी म्हणालं 'डिफरेन्शियल गेलं', तर वाद घालू नका, तीन गोष्टी दाखवायला सांगा. ढील नेमकी कोणत्या सांध्यात आहे ते हाताने हलवून दाखवा. पिनियन वर-खाली हलतो का ते दाखवा. आणि तेल काढून पांढऱ्या भांड्यात दाखवा. चांगला कारागीर आनंदाने दाखवतो. आणि मुलांनो, तुम्ही घरच्या सायकलची चेन हाताने धरून बघा, पॅडल थोडं मागे-पुढे केलं तर चाक फिरायच्या आधी किती जागा रिकामी जाते. तीच ढील. ती खडूने खूण करून मोजा आणि मला कळवा.

सर्वांनी प्रकृतीची काळजी घ्यावी. लोभ असावा.

— आपली, एक निवृत्त नर्स, डिमोना